धोकादायक व्हिडिओची तक्रार कशी करावी: ‘रिपोर्ट’च्या बटणापासून अपील समितीपर्यंत

लोकलच्या दारातून बाहेर लोंबकळणारा मुलगा, उघड्या हातांनी नाग धरून काढलेली रील, कॅन्सरवर ‘केमो सोडा, हा काढा घ्या’ असं छातीठोकपणे सांगणारा कुणी. अशा व्हिडिओंखाली संतापाच्या कॉमेंट ढीगभर असतात आणि व्हिडिओ मात्र महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. रागाची कॉमेंटही शेवटी कॉमेंट म्हणूनच मोजली जाते, त्यामुळे तिने व्हिडिओचं काही बिघडत नाही. तक्रार टिकते ती दोन गोष्टींवर: व्हिडिओने नेमका कोणता नियम मोडला आणि तो कितव्या मिनिटाला मोडला. या दोन गोष्टी हातात असतील तर पुढचा मार्ग भारतात कायद्याने आखून दिलेला आहे, मुदतींसकट.

आधी माणूस, मग व्हिडिओ

लाइव्ह चालू असताना कुणी जीव देण्याच्या गोष्टी करत असेल किंवा कुणाला मारहाण होत असेल, तर पहिला फोन 112 ला. लहान मूल संकटात असेल तर 1098. मानसिक आधाराची गरज दिसत असेल तर टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक त्या व्यक्तीपर्यंत किंवा तिच्या घरच्यांपर्यंत पोहोचवा. रिपोर्टचं बटण त्यानंतर. रेल्वेतल्या स्टंटची माहिती 139 वर देता येते आणि ती द्यावी. जुलै 2024 मध्ये शिवडी स्थानकावरच्या अशाच एका स्टंटचा व्हिडिओ पसरल्यावर रेल्वे सुरक्षा दलाने त्या तरुणाचा माग काढला. तोवर मस्जिद स्थानकावरच्या दुसऱ्या स्टंटमध्ये त्याचा एक हात आणि एक पाय गेलेला होता. साप किंवा इतर वन्यजीवाशी खेळ चालला असेल तर महाराष्ट्र वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

पायरी 1: नोंद करून ठेवा

तक्रार करण्याआधी या गोष्टी लिहून ठेवा, कारण अपलोड करणाऱ्याला कुणकुण लागली की तो व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ करतो आणि आठवड्याने पुन्हा उघडतो.

- व्हिडिओची पूर्ण लिंक. यूट्यूबवर प्रत्येक व्हिडिओला 11 अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. शीर्षक बदललं तरी तो बदलत नाही.
- चॅनेलचं नाव आणि हँडल. हँडल बदलता येतं, म्हणून जमल्यास ‘यूसी’ने सुरू होणारा 24 अक्षरांचा चॅनेल आयडीही घ्या. चॅनेलच्या माहितीत ‘शेअर’खाली तो कॉपी करता येतो.
- आक्षेपार्ह भाग कुठून कुठपर्यंत आहे: ‘2:14 ते 2:51’ असं.
- तुम्ही पाहिल्याची तारीख, वेळ आणि त्या वेळचे व्ह्यूज.

नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. त्यात लिंक दिसत नाही आणि मोबाइलवरच्या चित्रावरून व्हिडिओ शोधून काढणं तपासणाऱ्याला अशक्यप्राय असतं. प्रकरण कोर्टापर्यंत जाईल असं वाटलं तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा आणि मूळ फाइल ज्या फोनवर केली त्यातच राहू द्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फाइलबद्दल ते देणं जिकिरीचं होतं.

याला एक मोठा अपवाद आहे. व्हिडिओत लहान मुलांचं लैंगिक शोषण असेल तर स्क्रीनशॉट नाही, रेकॉर्डिंग नाही, डाउनलोड नाही. फक्त लिंक कॉपी करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब नुसार असं साहित्य शोधणं, उतरवून घेणं, साठवणं, पसरवणं हा गुन्हा आहे आणि पहिल्याच दोषसिद्धीला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘फक्त जवळ ठेवलं, पसरवलं नाही’ ही उरलीसुरली पळवाटही सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. ‘पुरावा म्हणून ठेवलं होतं’ या सबबीवर विसंबू नये.

सोसायटीच्या ग्रुपवर ‘हा व्हिडिओ सगळ्यांनी रिपोर्ट करा’ म्हणून लिंक टाकणंही टाळा. शंभरातले नव्वद जण आधी पाहतात, मग विसरतात. शाळेच्या पालक-ग्रुपांवर तर ‘नवं जीवघेणं चॅलेंज आलंय’ असे इशारे न तपासता फिरतात. 2017 मध्ये ‘ब्लू व्हेल’ या आत्महत्येला लावणाऱ्या कथित ऑनलाइन खेळाच्या वेळी देशभर घबराट झाली होती. पुढे सरकारने संसदेत सांगितलं की, तपासलेल्या घटनांमध्ये त्या खेळाचा हात असल्याचं सिद्ध झालं नाही. दरम्यान नाव मात्र घरोघरी पोहोचलं होतं.

पायरी 2: योग्य रकाना निवडा

बहुतेक तक्रारी इथेच फसतात. घाईत माणूस ‘स्पॅम’ किंवा जे पहिलं दिसेल ते दाबतो. तपासणारा त्या रकान्याचा नियम समोर ठेवून व्हिडिओ पाहतो, तो नियम मोडलेला दिसत नाही आणि तक्रार निकाली निघते. दोन मिनिटं विचार करून निवडा.

स्टंट, जीवघेणी चॅलेंज, घातक प्रँक, स्फोटकं बनवण्याची कृती हे ‘हानिकारक किंवा धोकादायक कृत्यं’ यात येतं. पण स्टंट करणारा स्वतःच अल्पवयीन दिसत असेल, तर तो बालसुरक्षेचा विषय होतो आणि त्या नियमांखाली कसोटी जास्त कडक आहे. तसं असेल तर मुलांशी संबंधित रकाना निवडा आणि तपशिलात ‘शाळेच्या गणवेशातला मुलगा’ असं दिसणारं कारण लिहा. स्वतःला इजा, आत्महत्या, उपाशी राहून बारीक होण्याचे ‘उपाय’ यांना वेगळा रकाना आहे. काढ्याने कॅन्सर बरा होतो आणि उपचार थांबवा, हे चुकीच्या माहितीत जातं. तिथे ‘हे खोटं आहे’ एवढं लिहू नका. कोणतं वाक्य, कितव्या सेकंदाला आणि ते ऐकून रुग्ण काय करील ते लिहा. तोच दावा व्हिडिओआधी येणाऱ्या जाहिरातीत असेल तर व्हिडिओ रिपोर्ट करून उपयोग नाही. जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या चिन्हातून जाहिरातच रिपोर्ट करा आणि जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे ‘आस्की’कडेही पाठवा.

दुसरी बाजूही पाहा. शैक्षणिक, माहितीपर, वैज्ञानिक आणि कलात्मक संदर्भ असेल तर यूट्यूब तोच आशय राहू देतं. अपघाताची बातमी, सर्पदंशावर काय करावं हे दाखवणारा डॉक्टर, व्यसनमुक्तीवरचा माहितीपट यांत भीषण दृश्यं असू शकतात. न पटणारं आणि धोकादायक यांची गल्लत केली की तक्रार तर जातेच, शिवाय कुणाचं तरी कामाचं काम बंद पाडण्याचा उद्योग होतो. एक कसोटी उपयोगी पडते: हा व्हिडिओ पाहून बारा वर्षांचं पोर तेच करून पाहील का, आणि केलं तर इजा होईल का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर तक्रार करा.

पायरी 3: रिपोर्ट करा

यूट्यूबवर लॉग-इन असणं आवश्यक आहे. संगणकावर व्हिडिओखालच्या तीन ठिपक्यांत ‘रिपोर्ट’ सापडतं, शॉर्ट्समध्येही तीन ठिपक्यांत, मोबाइल ॲपमध्ये व्हिडिओवरच्या सेटिंगच्या चाकातून. ॲपच्या आवृत्तीनुसार जागा थोडी सरकते. वेळ भरायची सोय असेल तिथे आक्षेपार्ह भागाची सुरुवात भरा. अर्ध्या तासाच्या व्हिडिओतले चाळीस सेकंद शोधून काढण्याचं काम तपासणाऱ्यावर सोडलं, तर ते होईलच असं नाही. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या तीन ठिपक्यांतून तसंच करायचं. दोन्हीकडे तुमचं नाव अपलोड करणाऱ्याला कळत नाही.

चॅनेलवरचे सगळेच व्हिडिओ त्याच वळणाचे असतील तर चॅनेल रिपोर्ट करा आणि सोबत तीन-चार सर्वांत वाईट व्हिडिओ जोडा. तुमचा स्वतःचा चेहरा, पत्ता किंवा नंबर व्हिडिओत असेल तर हा रस्ता नाही. त्यासाठी यूट्यूबचा प्रायव्हसी तक्रारीचा स्वतंत्र अर्ज आहे, ज्यात साधारणपणे अपलोड करणाऱ्याला आधी 48 तास दिले जातात. खासगी क्षणांची चित्रफीत फेसबुक-इन्स्टाग्रामवर पसरण्याची भीती असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ या सेवेत ती फाइल अपलोड न करता तिचा फक्त डिजिटल ठसा नोंदवता येतो. पीडित 18 वर्षांखालची असेल तर ‘टेक इट डाउन’ ही तशीच सेवा आहे.

पन्नास जणांकडून रिपोर्ट करवून घेण्याच्या फंदात पडू नका. नियम मोडला असेल तर एक तक्रार पुरते. मोडला नसेल तर पन्नासांनीही काही होत नाही.

पायरी 4: निकाल पाहा

यूट्यूबच्या संगणकावरच्या ‘रिपोर्ट हिस्ट्री’ पानावर तुमच्या तक्रारीची स्थिती दिसते, इन्स्टाग्रामवर ‘सपोर्ट रिक्वेस्ट्स’मध्ये. निकाल तीन प्रकारचे असतात: व्हिडिओ हटला, 18 वर्षांवरील प्रेक्षकांपुरता राहिला, किंवा तसाच राहिला. पहिल्या चुकीला चॅनेलला बहुधा इशाराच मिळतो. त्यानंतरच्या पहिल्या ‘स्ट्राइक’ला, म्हणजे नियमभंगाच्या नोंदीला, 1 आठवडा अपलोड बंद, दुसऱ्याला 2 आठवडे, आणि 90 दिवसांत 3 स्ट्राइक झाले की चॅनेल जातं. म्हणून एकाच चॅनेलबद्दल खऱ्या तक्रारी नेटाने करत राहण्याला अर्थ आहे.

पायरी 5: तक्रार निवारण अधिकारी

बटणाने काम झालं नाही की बहुतेक जण थांबतात. कायद्याचा आधार मात्र इथून सुरू होतो. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तो भारतात राहणारा असावा लागतो. त्याचं नाव आणि पत्ता संकेतस्थळाच्या तळाशी किंवा मदत विभागात असतो. तक्रारीची पोच 24 तासांत मिळायला हवी. मूळ नियमांत निकालाला 15 दिवस होते, फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीनंतर ते 7 झाले. नग्नता किंवा खासगी दृश्यांबाबत पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने तक्रार केली तर 24 तासांची मुदत आता 2 तासांवर आली आहे.

पत्र छोटं ठेवा आणि नियम नावानिशी लिहा:

“विषय: नियम 3(1)(ब) खाली आशय हटवण्याची विनंती. लिंक: … चॅनेल आयडी: … पाहिल्याची तारीख व वेळ: … 1:05 ते 1:48 या भागात अल्पवयीन मुलगा धावत्या लोकलच्या टपावर चढताना दाखवला असून ‘तुम्हीही करून पाहा’ असं आवाहन आहे. हा आशय उपखंड (3) प्रमाणे बालकांना अपायकारक आहे. ॲपमधून … तारखेला रिपोर्ट केलं. उत्तर: नियमभंग नाही. आशय हटवावा व निर्णय कारणांसह कळवावा.”

‘समाजाला कलंक’, ‘तरुण पिढी बिघडते आहे’ असली वाक्यं गाळा; त्यांचा कुठलाच उपखंड नाही. ‘बालकांना अपायकारक’ हा उपखंड लिहिण्यामागे हिशेब आहे: त्या गटातल्या तक्रारींना नेहमीच्या मुदतीपेक्षा कमी, पूर्वी 72 तासांची आणि आता 36 तासांची मुदत लागू होते.

पायरी 6: अपील

उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. 2023 पासून अशा तीन समित्या आहेत आणि सगळं काम ऑनलाइन चालतं. अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करावं लागतं. ही मुदत चुकली की प्रकरण अडतं. अपिलासोबत पाठवलेली तक्रार, पोच आणि उत्तर जोडा. पाचवी पायरी गाळून थेट इथे आलेलं प्रकरण मागे फिरतं. ॲपमधलं बटण दाबणं म्हणजे अधिकाऱ्याकडे तक्रार करणं नव्हे.

पोलिसांकडे कधी

धमकी, खंडणी, बालशोषण, खासगी चित्रफीत, हिंसेला उघड चिथावणी असेल तर वरच्या पायऱ्या संपण्याची वाट पाहू नका. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर महिला व बालकांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. 1930 हा क्रमांक आर्थिक फसवणुकीसाठी आहे. व्हिडिओ पाहून कुणी पैसे गमावले असतील तरच तो.

पोलीस ठाण्यातून ‘आम्हीच व्हिडिओ काढून टाकू’ असं सांगितलं जातं, पण ते इतकं सोपं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या श्रेया सिंघल निकालापासून प्लॅटफॉर्मला बांधील करतो तो न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिकृत सूचना. 15 नोव्हेंबर 2025 पासून पोलिसांकडून अशी सूचना पाठवणारा अधिकारी किमान उपमहानिरीक्षक दर्जाचा आणि त्यासाठी खास नेमलेला असावा लागतो. त्यामुळे ठाण्यात तक्रार देताना तीच लिंक-आणि-वेळेची यादी द्या, म्हणजे वर जाणाऱ्या प्रस्तावात ती जशीच्या तशी उतरते. वकिलाच्या नोटिशीला या बाबतीत फारसा दात नाही.

ओटीटीवरच्या मालिकांना हे सगळं लागू नाही. त्यांच्यासाठी याच नियमांच्या तिसऱ्या भागात वेगळी उतरंड आहे: आधी कंपनीचा अधिकारी, मग प्रकाशकांची स्वनियमन संस्था, शेवटी माहिती व प्रसारण मंत्रालय.

तोवर घरात

तक्रार चालू असताना तोच व्हिडिओ मुलांच्या फोनवर येऊ नये म्हणून ‘या चॅनेलची शिफारस करू नका’ निवडा, पाहण्याच्या इतिहासातून तो व्हिडिओ काढा आणि ऑटोप्ले बंद करा. तुम्ही तक्रारीसाठी तो चार वेळा पाहिलेला असतो, म्हणून हे तुमच्या स्वतःच्या खात्यावर अधिक गरजेचं. 13 वर्षांखालील मुलांना पालकांच्या देखरेखीखालचं खातं द्या. मोठ्यांसाठीचा आशय गाळणारा ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ प्रत्येक उपकरणावर आणि ब्राउझरवर वेगळा चालू करावा लागतो. टीव्हीवर तो हमखास राहून जातो. मराठी रीलमधली बोली गाळणीला कितपत कळते याचा भरवसा धरू नका.

हटलेला व्हिडिओ आरसा-उलट करून किंवा गाणं बदलून दुसऱ्या खात्यावर परत आला, तर नवी तक्रार करताना जुन्या तक्रारीचा क्रमांक आणि निकाल पहिल्याच ओळीत लिहा.