हांगझोऊमधला पहिला वसंत: कुटुंबासह नव्याने येणाऱ्यांसाठी

चिनी नववर्षाची सुट्टी संपून कचेऱ्या उघडल्या की हांगझोऊमध्ये नवी भारतीय कुटुंबे येऊ लागतात. ज्याला नोकरीसाठी बोलावलेले असते त्याचे दिवस कामात जातात. मागोमाग आलेल्या जोडीदाराला आणि मुलांना मात्र हे शहर स्वतःहून आपलेसे करावे लागते. आठ वर्षांपूर्वी मी अशीच दोन मुलांना घेऊन आले, म्हणून हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहीत आहे.

विवाहाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि त्यानंतर चिनी वकिलातीकडून साक्षांकित करून आणा, कारण अनेक देशांत पुरेसे ठरणारे अपोस्टिल, म्हणजे एकाच शिक्क्याचे आंतरराष्ट्रीय साक्षांकन, भारत आणि चीन यांच्यात चालत नाही. आमच्या विवाहाच्या दाखल्यावर फक्त पहिला शिक्का होता. तो कागद मुंबईला पाठवून परत येईपर्यंत माझी झोप उडाली होती. घरात राहायला गेल्यावर २४ तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात नोंदणी करावी लागते, आणि देशात आल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज द्यावा लागतो. अर्जाच्या काळात पासपोर्ट अर्ज घेणाऱ्या कार्यालयाकडे राहतो, पण मिळालेली पावती दाखवून देशांतर्गत रेल्वेप्रवास करता येतो.

भारतीय सिमचे रोमिंग चालू ठेवून या. येथे व्हॉट्सअ‍ॅप बंद आहे आणि भारतात वीचॅट या चिनी संदेश-अ‍ॅपवर २०२० पासून बंदी आहे. आजी-आजोबांशी बोलायचे तर रोमिंगचा आधार लागतो, शिवाय बँकेचे ओटीपीही त्याच सिमवर येतात. कुकर आणि मिसळणाचा डबा सोबत असू द्या. शाकाहारी असाल तर ‘वो छ्र सू’ हे वाक्य पाठ करा, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण साध्या पालेभाजीलाही कधी डुकराच्या चरबीची फोडणी असते. तेल कोणते, हे आवर्जून विचारा.

एवढे मार्गी लागले की घरात बसून राहू नका. मार्चमध्ये एक दिवस ऊन आणि दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरवणारा पाऊस अशी हवा असते, तरीही बाहेर पडा. शीहू म्हणजे पश्चिम सरोवर. २०११ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे आणि त्याच्या काठाने फिरायला तिकीट लागत नाही. अकराव्या शतकात येथे अधिकारी असलेल्या सू शी या कवीने तळ्यातला गाळ उपसून त्याचाच बांध घातला. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीच्या त्या बांधावर सहा पूल आहेत, आणि मार्चअखेर विलोची कोवळी पालवी आणि पीचचा गुलाबी फुलोरा असतो. थायझीवान बागेतली चेरी आणि ट्युलिपही त्याच सुमारास फुलतात. मात्र ४-५ एप्रिलच्या आसपास येणाऱ्या छिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या, सुट्टीत मुलांना तळ्याकाठी नेऊ नका, ‘तुटका पूल’ नावाच्या तिथल्या पुलावर तेव्हा पाऊल ठेवायला जागा नसते. साधा कामाचा दिवस, सकाळी आठच्या आत, आणि मेट्रोने लोंगशियांगछ्याओ स्थानक, हे मला सर्वांत सोयीचे वाटते.

छिंगमिंगच्या आधी खुडलेला लोंगजिंग चहा सर्वांत मोलाचा मानतात. मेइजियावू गावात त्या दिवसांत दारोदारी कढया तापलेल्या असतात. कारागीर उघड्या तळव्याने पाने कढईच्या तळाशी दाबतो, सरकवतो, उचलून पुन्हा सोडतो, आणि भाजलेल्या डाळीसारखा खमंग वास गल्लीभर पसरतो. मुलांना तेथे अर्धा तास शांतपणे उभे राहू द्या.

लिंगयिन मंदिरासमोरचा कोरीव मूर्तींचा डोंगर तर आपण पाहायलाच हवा. चौथ्या शतकात भारतातून आलेल्या हुइली नावाच्या भिक्षूने, हे तर आमच्याकडचे गृध्रकूट शिखर, येथे कधी उडून आले, असे विचारले, अशी कथा सांगतात. म्हणून त्याचे नाव फेइलाय फंग, उडत आलेले शिखर. माझ्या मुलीला ही कथा कळल्यावर तिने वर्गात ती स्वतः उभी राहून सांगितली.

याच दिवसांत दुकानांत छिंगथुआन मिळतात, म्हणजे दवण्याच्या जातीच्या एका पाल्याच्या रसात मळलेल्या चिकट तांदळाच्या पिठीचे हिरवे, वाफवलेले गोळे. आत लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड पुरण असते आणि पहिल्या घासाला उकडीच्या मोदकाची आठवण येते. मांसाच्या सारणाचेही असतात, तेव्हा विचारूनच घ्या.

गुढीपाडवाही याच सुमारास येतो. बांबू सहज मिळतो, कडुनिंब आणि आंब्याची पाने मिळत नाहीत. या शहराचा मानाचा वृक्ष म्हणजे कापराचे झाड, आणि त्याची जुनी पाने वसंतातच लालसर होऊन रस्त्याकडेला गळतात. आम्ही सकाळी ती वेचून आणतो आणि दाराला त्यांचेच तोरण बांधतो. ओवताना पान चुरगळले की बोटांना देवघरातल्या कापराचा वास येतो.