घोड्यांच्या मसाजचं काम शिकायचंय? आधी खरारा करा

या कामात येऊ पाहणारे पहिला प्रश्न हमखास कोर्सचा विचारतात. मी सांगते, आधी काही महिने तबेल्यात खरारा करा. रोज अंगावरून हात फिरला की मऊ, निरोगी स्नायू हाताच्या ओळखीचा होतो, मग आखडलेला आपोआप वेगळा लागतो. शिवाय पाचशे किलोच्या जनावराजवळ कुठे उभं राहायचं, हे वर्गात बसून येत नाही.

शरीररचनेत सुरुवात खांद्यापासून करा. घोड्याला आपल्यासारखं गळ्याजवळचं आडवं हाड नसतं, त्यामुळे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी आणि त्यांच्या आवरणांनी बांधलेले असतात. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन याच पायांवर येतं. म्हणून मानेचा बुंधा आणि खांदा आखडला की पावलं आखूड पडतात, एका बाजूला वळताना घोडा अडतो. दुसरी नेहमीची जागा खोगिराखालची, मणक्याच्या दोन्ही अंगांनी जाणारा लांब स्नायू. दाब स्नायूवरच द्यायचा, मणक्याच्या हाडावर नाही.

हात कुठून लावायचा? मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापासून. घोडे एकमेकांना तिथेच चावून खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. तिथून तळहात सावकाश मागे न्या. लक्ष मात्र डोळ्याकडे. दुखऱ्या गाठीवर हात आला की पापणी थिजते, श्वास अडतो. तिथे दाब वाढवू नका, आहे तेवढाच ठेवून थांबा. स्नायू सैल पडू लागला की खालचा ओठ लोंबू लागतो, मान उतरते, जबडा चघळल्यासारखा हलतो, कधी एकापाठोपाठ जांभया येतात. मग पुढे सरका. कान मागे पडले, शेपूट फटकारली, तर हात लगेच हलका करायचा.

मेहनतीत स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक ॲसिड मसाजने 'बाहेर काढतात' असं कोणीतरी सांगेलच. सोडून द्या, ते व्यायामानंतर तास-दीड तासात शरीर स्वतःच निपटतं.

तीच गाठ पुन्हा पुन्हा येत असेल, तर खोगीर, दात आणि नाल तपासायला सांगा. गिऱ्हाईक कमी होईल, पण घोडा बरा होईल. ताप, ताजी जखम, गजकर्ण असेल तर हात लावू नये. कामानंतर घोडा घामाघूम होऊन ताठला आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायू तुटत असतात. त्याला चालवू नका, पशुवैद्यांना बोलवा. निदान करणं आपलं काम नाही, बऱ्याच देशांत कायद्यानेही नाही.

आणि अंगठे जपा. या धंद्यात आधी तेच जातात. जोर तळहाताच्या टाचेने आणि कोपराने द्या, पुठ्ठ्यांसाठी, म्हणजे घोड्याच्या मागच्या उंच भागासाठी, स्टूल घ्या. पण असं स्टूल, की घोडा हलला तर एका पायाने बाजूला ढकलता येईल.