ट्रंकेतली फौजी पत्रं: हात लावण्याआधीची तयारी

सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी या जिल्ह्यांत लढाईच्या काळातली पत्रं जुन्या ट्रंकेत सापडतात. १९६५ आणि १९७१ ची असतील तर ज्यांना ती आली त्या आजी आज बहुधा पंच्याहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. घरून गेलेली उत्तरं आघाडीवरून क्वचितच परत आली, त्यामुळे ट्रंकेत निम्माच पत्रव्यवहार असतो. उरलेला निम्मा आजींच्या तोंडूनच मिळेल. म्हणून क्रम असा ठेवा: पहिल्या दिवशी मोबाइलवर फोटो, त्याच आठवड्यात आजींशी बोलणं, आणि कागदाची डागडुजी सावकाश.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा, पावसाळ्यात नको. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, तेल-क्रीम लावू नका. टेबलावर स्वच्छ पांढरी चादर अंथरा आणि चहा-पाणी दुसऱ्या खोलीत ठेवा. फोटो खिडकीजवळ, उन्हाची तिरीप न येऊ देता, फ्लॅश बंद करून घ्या. पत्र ज्या क्रमाने, ज्या गठ्ठ्यात सापडलं तो क्रम मोडू नका. पाकीट आणि आतलं पत्र यांची फारकत तर कधीच करू नका, कारण पत्रात गावाचं नाव बहुधा नसतंच. पत्त्यात ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय) एवढंच असतं आणि तारखेचा पुरावा पाकिटावरच्या शिक्क्यात असतो. मनीऑर्डरची कुपनंही टाकू नका. खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळींची खुशाली असते, कित्येकदा त्या महिन्याचं तेवढंच पत्र.

आजींकडे जाताना पत्रांच्या मोठ्या अक्षरातल्या छापील प्रती न्या. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून पाहा. एका बैठकीत तासाभराहून जास्त नको. एक पत्र मोठ्याने वाचा आणि गप्प बसा. मग विचारा: हे घरात कोण वाचून दाखवायचं, पोस्टमन की शाळेतले गुरुजी? उत्तर कोण लिहायचं? तिकडे काय कळवायचं नाही असं घरात ठरलं होतं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आजारपण, कर्ज, शेतातला वाद हे पत्रात मुद्दाम आलेलं नसतं. रेकॉर्डिंग कोणाला ऐकवायचं, कोणाला नाही, हेही त्यांच्याकडूनच विचारून त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्या.

आता कागद. गंजलेली टाचणी किंवा स्टेपल ओढू नका. स्टेपलचे पाय मागून उलगडून, कागदाखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून सोडवा. रबरबँड उन्हाळ्यात वितळून चिकटतो, तो कापूनच काढा. इनलँडची घडी कडक झाली असेल तर जबरदस्ती करू नका. दोन टिपकागदांमध्ये हलक्या वजनाखाली दोन-तीन दिवस ठेवा. ओलावा मात्र द्यायचा नाही. जुन्या फौजी पत्रांत कॉपिंग पेन्सिल भेटते. कोरडी असताना ती साध्या शिसपेन्सिलीसारखी करडी दिसते, पण पाण्याचा थेंब पडला की जांभळी होऊन पसरते आणि ओळ कायमची जाते. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच नको. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक कागद न फाडता निघत नाही. तारेवर (टेलिग्रामवर) चिकटवलेल्या पट्ट्यांचा गोंद सुकलेला असतो, म्हणून तार सगळ्यात आधी स्कॅन करा.

स्कॅन फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर), ६०० डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजूंनी, कोरी बाजूसुद्धा. मूळ फाइल टिफ, वाटायला जेपीजी. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस आणि पान. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवा. उतरवून काढताना ‘शि. सा. न. वि. वि.’ आणि चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ जसेच्या तसे राहू द्या. दुसऱ्या महायुद्धाच्या किंवा त्याआधीच्या पत्रात मोडी असेल तर अंदाजाने वाचू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी जाणणारी माणसं भेटतात.

ठेवणीसाठी आम्लरहित कागदाची पाकिटं घ्या. ती न मिळाल्यास दोन-तीनदा धुऊन खळ काढलेल्या सुती कापडात गुंडाळा, दप्तरखान्यातल्या रुमालासारखं. पाकिटावरचा मजकूर पत्र आत घालण्याआधी मऊ पेन्सिलीने लिहा. पीव्हीसीचे फोल्डर, वर्तमानपत्र आणि कडुनिंबाचा ओला पाला कागदाला लागू देऊ नका. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून आणि मोरीपासून दूर, पत्रं जमिनीपासून वीतभर वर. कपाटात ओलावा शोषणारे सिलिका जेलचे निळे खडे ठेवा, ते गुलाबी झाले की बदला. कोकणात पावसाळ्यात दर पंधरवड्याला कपाट उघडून कसर आणि बुरशी पाहा. बुरशीचं पत्र लगेच वेगळं काढा, सावलीत वाळवा आणि तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झाडा.

पत्रं छापायची असतील तर आधी एवढं पाहा: कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे वारसांचा. सगळ्या भावंडांची लेखी संमती घ्या आणि सेवा क्रमांक, पेन्शनचा पीपीओ क्रमांक झाका. लढाईत पत्र लिहिणारा जवान नेमका कुठे होता हे पत्रावरून ठरवू नका. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेली सेवेची नोंदवही) पाहा. ते हरवलं असेल तर तो मराठा लाइट इन्फंट्रीत असल्यास बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला जवळच्या वारसाने अर्ज करावा. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं.