पिकाडिलीच्या चर्चमधली दुपारची फुकट मैफल

लंडनला पिकाडिली सर्कस स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटांवर सेंट जेम्सेस चर्च आहे. वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनने बांधलेलं, 1684 सालचं. इथल्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या दुपारच्या मैफली 1:10 ला सुरू होतात आणि साधारण 50 मिनिटांत आटोपतात. वार बदलतात, तेव्हा निघण्याआधी चर्चची वेबसाइट बघा.

पंधरा मिनिटं आधी पोचा. पियानो असेल तर डावीकडे बसा, वादकाची बोटं दिसतात. स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो) असेल तर मधल्या वाटेलगत, पुढून चौथी-पाचवी रांग धरा. फार मागे घुमारा वाढून चेलोचे सूर एकमेकांत मिसळतात, आणि सज्जाखाली आवाज दबतो.

डबा आधीच खाऊन घ्या. वेफर्सच्या पाकिटाची चुरचुर शेवटच्या बाकापर्यंत पोचते.

टाळ्यांची गंमत वेगळीच. आपल्याकडे गाण्यातली एखादी जागा आवडली की तिथेच ‘वाह!’ जातं, इथे चार मूव्हमेंटची, म्हणजे चार भागांची, रचना असेल तर चौथी संपेपर्यंत गप्प. मूव्हमेंट कार्यक्रमपत्रिकेत मोजून ठेवा. तरी गोंधळ झालाच, तर वादकांचे गज खाली येईपर्यंत थांबा. ऑफिसला पळायचं असेल तर दोन रचनांमधल्या टाळ्यांतच उठा.

तिकीट नसलं तरी जाताना देणगीपेटीत काहीतरी टाकाच.