हार्डवेअरची पहिली नोकरी: मुलाखतीआधी काय तयार हवं

इलेक्ट्रॉनिक्सचं शेवटचं वर्ष लागलं की प्रमाणपत्रं गोळा करण्याची घाई सुटते. ती थोडी बाजूला ठेवा आणि एक चालता बोर्ड तयार करा. सर्किट तुम्ही काढलेलं, पीसीबी (सुटे भाग बसवायची छापील पट्टी) तुम्ही आखलेला, बिघाडही तुम्हीच शोधलेला. बाकी सगळी तयारी त्याच्याच मागून येते.

सामान फार लागत नाही: तापमान बदलता येणारं सोल्डरिंग आयर्न, 60/40 (कथील-शिसं) सोल्डरची 0.5 किंवा 0.8 मिमी तार, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा), विक (जादा सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी), बारीक चिमटा, मल्टिमीटर आणि करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय. आयर्न 320 ते 350 अंशांवर ठेवा. शिसंविरहित सोल्डर 217 अंशांच्या पुढे वितळतं, हात बसेपर्यंत ते नको. रेझिस्टर, कनेक्टर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून आणा, पण मायक्रोकंट्रोलर (चिपवरचा छोटा संगणक) आणि मॉसफेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) अधिकृत वितरकाकडूनच मागवा. नकली आयसीवर (चिपवर) आठवडा गेला तरी दोष आपल्या सर्किटमध्येच शोधला जातो.

बोर्ड कसला? 12 व्होल्ट इनपुट, 3.3 व्होल्टवर मायक्रोकंट्रोलर, आय-टू-सी (दोन तारांवर माहिती पाठवणारा) सेन्सर आणि मॉसफेटवर चालणारा रिले (कॉइलने चालणारा स्विच). दिसायला साधा आहे, पण नवखे अडकतात त्या बहुतेक जागा यात येतात. 12 चे 3.3 व्होल्ट करायला लिनियर रेग्युलेटर लावून 200 मिलिअँपिअर ओढले तर (12 − 3.3) × 0.2, म्हणजे 1.74 वॅट नुसती उष्णता. लहानशा तांब्यावर तो तापून बंद पडतो, म्हणून इथे बक कन्व्हर्टर, म्हणजे झटपट चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारं सर्किट. आयआरएफझेड44एन हा मॉसफेट थेट 3.3 व्होल्टवर चालवू नका. डेटाशीटमधला 2 ते 4 व्होल्टचा थ्रेशोल्ड (तो सुरू व्हायला लागणारं गेटचं व्होल्टेज) फक्त 250 मायक्रोअँपिअरसाठी आहे आणि चालू असतानाचा 17.5 मिलिओहमचा रोध गेटवर 10 व्होल्ट असताना मिळतो. एओ3400 सारखा लॉजिक-लेव्हल, म्हणजे कमी गेट व्होल्टेजवर पूर्ण चालू होणारा, मॉसफेट घ्या. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड, आय-टू-सीच्या दोन्ही तारांना 4.7 किलोओहमचे पुल-अप (सप्लायकडे जोडलेले रेझिस्टर), आणि प्रत्येक सप्लाय पिनला अगदी चिकटून 100 नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर. इंचभर लांब लावलेला कपॅसिटर जवळपास शोभेचाच. पीसीबीला तांब्याचे दोन थर पुरतात, पण खालचा थर होता होईल तेवढा अखंड ग्राउंड ठेवा. पीसीबी आखायचं कायकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

आधी फक्त पॉवरचा भाग सोल्डर करा. 3.3 व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही हे पाहून, करंट लिमिट 100 मिलिअँपिअरवर ठेवूनच सप्लाय चालू करा. व्होल्टेज बरोबर आलं की मग मायक्रोकंट्रोलर लावा. मल्टिमीटरची तार 10 अँपिअरच्या सॉकेटात राहिली असताना व्होल्टेज मोजलं, तर सर्किट सरळ शॉर्ट होतं. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) मेन्सकडच्या बाजूला ती लागली तर स्फोटच होतो.

आपल्याकडचा पावसाळा विसरू नका. एमएसएल 3 (ओलावा किती सोसतो याची श्रेणी) चा आयसी पाकीट फोडल्यावर 168 तास चालतो, पण 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेपर्यंतच. जुलैत ठाण्यात आर्द्रता त्याच्या वर असते, तेव्हा सुटे आयसी सिलिका जेलसोबत बंद ठेवा. नाहीतर हॉट एअरखाली आतल्या पाण्याची वाफ होऊन पॅकेजला तडा जातो.

नोकरीचा शोध ठाणे-नवी मुंबईच्या ट्रान्स-हार्बर रेल्वेच्या पट्ट्यात घ्या: रबाळे, महापे, तुर्भे, इकडे वागळे इस्टेट. पहिलं काम टेस्टिंगचं किंवा रिपेअरचं मिळालं तर नाक मुरडू नका. परत आलेले बोर्ड जे शिकवतात ते डिझाइनच्या टेबलावर लवकर दिसत नाही. 1961 च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिपही चालते.

मुलाखतीला बोर्ड, सर्किटचा छापील कागद आणि काय बिघडलं, कसं सापडलं याचं एक पान न्या. 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि 100 नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर यांच्या फिल्टरला टाइम कॉन्स्टंट 1 मिलिसेकंद, कटऑफ फ्रिक्वेन्सी सुमारे 159 हर्ट्झ, हे तोंडी यायला हवं. बाँड (ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर मुदत आणि रक्कम वाचून मगच सही करा. मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला मागितल्या तर देऊ नका, झेरॉक्स पुरते.