परतीच्या पावसाचा अंदाज वाचताना या चुका टाळा

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लागला, सूर्य हस्त नक्षत्रात गेला की माझा फोन वाजायला लागतो. "सोयाबीन काढू का?" एवढाच प्रश्न, आणि सोबत ॲपमधल्या हसऱ्या सूर्याचा स्क्रीनशॉट. दरवर्षी तीच माणसं, त्याच चुका. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

'तुरळक' म्हणजे थोडासा नव्हे

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार, कारण ती मी स्वतः करून बसलोय. हवामान विभागाच्या पत्रकातला 'तुरळक ठिकाणी' हा शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाही, किती ठिकाणी पडेल ते सांगतो. विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक, 26 ते 50 टक्के असेल तर काही ठिकाणी, 51 ते 75 म्हणजे बऱ्याच ठिकाणी आणि त्यावर बहुतांश ठिकाणी. जोराचा हिशेब वेगळा. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे गेला की तो मुसळधार. त्यामुळे 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हे वाक्य वाचून हसू नका.

मी हसलो होतो. पत्रकात 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' होतं आणि मी अडीच एकर सोयाबीन आडवं केलं. मजूर मिळाले होते, पुन्हा आठवडाभर मिळणार नव्हते. मोह तिथेच होतो. दुपारी तीनपर्यंत लख्ख ऊन, अंगाची लाही लाही. साडेचारला आग्नेयेकडून फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर चढायला लागले. ढीग पाच, ताडपत्र्या दोन. पाऊण तास नुसता ओतला. ओढ्यापलीकडच्या शिवारात मात्र धूळसुद्धा बसली नाही. चौथ्या दिवशी ढीग उलटला तर खालच्या शेंगांतून पांढरे कोंब डोकावत होते. व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, वास घेतला आणि परत पोत्यात टाकले. भाव विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अंदाज चुकला असं म्हणायलाही तोंड नव्हतं. अंदाज बरोबरच होता, तुरळक ठिकाण मी होतो.

तेव्हापासून मी आधी ताडपत्र्या मोजतो, मग विळा लावतो. जेवढं झाकता येईल तेवढंच एका दिवसात कापायचं. मजूर कुरकुरतात. कुरकुरू देत.

'मान्सून परतला' ही बातमी कुठली, ते बघा

पश्चिम राजस्थानातून मान्सून परतायला लागण्याची सर्वसाधारण तारीख 17 सप्टेंबर. ही बातमी टीव्हीवर झळकली की आमच्याकडे लोक खळं सारवायला घेतात! मुंबईतून तो साधारण 8 ऑक्टोबरला जातो आणि देशभरातून 15 ऑक्टोबरच्या सुमारास. या तारखा 2020 मध्ये बदलल्या. आधी राजस्थानसाठी 1 सप्टेंबर धरत, म्हणून जुन्या माणसांचा हिशेब पंधरवड्याने पुढे पळतो. त्यांना दोष देऊ नका, पण त्यांच्या हिशेबावर कापणीही ठरवू नका.

मान्सून परतला असं जाहीर करायला त्या भागात सलग पाच दिवस कोरडे जावे लागतात, हवेतली आर्द्रता बरीच उतरावी लागते आणि हवेच्या खालच्या थरात वारे प्रतिचक्रीय, म्हणजे उच्च दाबाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारे व्हावे लागतात. मधल्या काळात बंगालच्या उपसागरात एखादं कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन पश्चिमेकडे सरकलं की परतीची रेषा, म्हणजे मान्सून कुठवर मागे गेला ते दाखवणारी नकाशावरची रेघ, तिथेच अडून बसते आणि मराठवाडा, विदर्भ पुन्हा भिजतो. म्हणून या आठवड्यात माझं लक्ष राजस्थानपेक्षा उपसागराकडे जास्त असतं.

फक्त आपल्या गावाचा अंदाज पाहणं

गोदाकाठच्यांसाठी हे खास. सप्टेंबरअखेर जायकवाडी धरण बहुधा भरत आलेलं असतं. पाऊस नाशिक-नगरकडे पडतो आणि पाणी आपल्या नदीकाठच्या पंपाच्या मोटारींपर्यंत येतं. आकाश निरभ्र असताना मोटार वाहून गेलेली मी पाहिली आहे. वरच्या भागाचा अंदाज आणि विसर्गाची बातमी, दोन्ही बघा.

बाकीच्या चुका एकेका ओळीत उरकतो. ॲपमधल्या चित्रावर पीक कापू नका. चित्राखालचा मजकूर वाचायला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढाही धीर नसेल तर शेती अवघड आहे. सातव्या दिवसाचा अंदाज म्हणजे नुसता हवेचा कल, वेळापत्रक नव्हे. मी पहिले दोन दिवस पक्के धरतो, पुढचे दोन पेन्सिलने लिहितो. यलो अलर्ट म्हणजे सुट्टी नाही, सावध राहा एवढंच. तारीख नसलेला स्क्रीनशॉट पुढे ढकलू नका, तो मागच्या वर्षीचा असू शकतो. पत्रकातला दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा असतो, म्हणून बुधवारी पहाटेचा पाऊस मंगळवारच्या खात्यात जातो. आणि गडगडायला लागल्यावर झाडाखाली उभं राहू नका. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फुकट आहे, फोनमध्ये ठेवा.

माझा नेम असा: मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला, रोज जिल्ह्याचं पत्रक आणि दुपारी एकनंतर तीन तासांचा तातडीचा इशारा. या दिवसांतला पाऊस बहुधा दुपार कलल्यावर येतो, त्यामुळे सकाळच्या स्वच्छ आभाळावर मी विश्वास ठेवत नाही.

परवा एकाने पुन्हा सूर्याचं चित्र पाठवून विचारलं, "दादा, उद्या लावू का मजूर?" मी विचारलं, "ताडपत्र्या किती आहेत?" त्याने फोन ठेवला.