विणकामाच्या सुयांसाठी कापडी गुंडाळी

लांब सुया डब्यात मावत नाहीत आणि पिशवीला भोकं पाडतात. त्यांच्यासाठी खणाखणांची गुंडाळी शिवा. नेहमीची सुई ३५ सेंमीची असते, म्हणून ४० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच कापड घ्या. शिवणीसाठी चारी बाजूंनी दीड सेंमी जास्त. आतून मांजरपाटाचं अस्तर, बाहेरून चोळीच्या खणाचा किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा. दोन्ही आधी धुऊन घ्या, नाहीतर खणाचा लाल रंग एखाद्या पावसाळ्यात पांढऱ्या लोकरीला लागतोच.

खालच्या बाजूला २० सेंमी उंचीची खिशाची पट्टी लावून उभ्या टिपा मारा. १० ते १२ नंबरच्या बारीक सुयांच्या जोडीला ३ सेंमीचा खण पुरतो, जाड सुयांना ४ सेंमी. खरी मेख तळाशी आहे. सुया टोक खाली करून ठेवतात, त्यामुळे तळाची शिवण सगळ्यात आधी उसवते. तिथे जुन्या जीन्सची पट्टी आतून घाला आणि दुहेरी टीप मारा.

वरचं उरलेलं कापड सुयांच्या टोप्यांवर दुमडा, म्हणजे गुंडाळी उलटी झाली तरी सुया सांडत नाहीत. बांधायला साधी नाडी लावा. वेल्क्रो मुळीच नको, लोकर त्याला अशी चिकटते की सोडवताना विणलेलं उसवतं. प्रत्येक खणावर सुईचा नंबर रंगीत दोऱ्याने काढा. सुयांवरचे छापील आकडे लवकर पुसट होतात.